वैशाखातली फुले

वैशाख पौर्णिमा जवळ आली की आपल्या वस्त्यांतून दर वर्षी एक अडचण उभी राहते. पंचशील ध्वज तयार असतो, पांढरी वस्त्रे धुऊन इस्त्री करून ठेवलेली असतात, खिरीचे सामान आलेले असते. पण फुले नसतात. अंगणातली जास्वंद करपलेली, गुलाबाच्या नुसत्या काट्या राहिलेल्या. मग कोणीतरी तरुण सायकल काढून बाजारात जातो आणि मागेल तो भाव देऊन अर्धा कोमेजलेला झेंडू घेऊन येतो. दुपारपर्यंत त्याचाही चोथा होतो.

याचे कारण आपले दिनमान आहे. इतरांचे मोठे सण श्रावण-भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत, म्हणजे फुलांच्या हंगामात पडतात. आपले बहुतेक मोठे दिवस ऐन उन्हात. ११ एप्रिलला महात्मा फुले जयंती (ज्यांच्या घराण्याला फुलांच्या धंद्यावरून 'फुले' हे नाव पडले, त्यांना आपण शिळा हार घालतो!), १४ एप्रिलला भीमजयंती, मग बुद्धपौर्णिमा, जी २०२४ साली २३ मेला आली आणि २०२५ साली १२ मेला, आणि त्यानंतर २७ मे, १९३५ साली माता रमाई गेल्या तो दिवस. सोलापूरचा पारा या काळात ४२-४३ च्या पुढे जातो. तेव्हा आपल्याला असल्या उन्हात फुलणारीच झाडे निवडली पाहिजेत. चार महिने पाणी घालून ऐन वेळी माना टाकणारी झाडे आपल्या कामाची नाहीत.

काही विहारांनी यावर प्लास्टिकच्या फुलांचा उपाय काढला आहे. एकदा आणली की पाच वर्षे बघायला नको. आम्हाला हा उपाय पटत नाही. पुष्पपूजेची गाथा आपण लहानपणापासून म्हणतो. तिचा आशय असा की हे फूल जसे कोमेजून जाते तसे हे शरीरही नाश पावते. न कोमेजणारे फूल वाहून ही अनित्यता कोणाला कळणार? पुसायला विसरले तर त्या फुलांवर धूळ तेवढी बसते.

आता खरी हरकत ऐका. एका भगिनीने आम्हाला सरळ विचारले, "दादा, प्यायला पाणी नाही आणि तुम्ही फुलझाडे लावायला सांगता? ते पाणी वाहणार कोण?" प्रश्न अगदी रास्त आहे. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, त्याचे पाणी शहराला येते. पण तीन, चार, कधी पाच दिवसांआड नळ, हा सोलापूरकरांचा कित्येक वर्षांचा अनुभव आहे. पिंप, टिपाडे, घागरी, पातेली सगळे भरून ठेवायचे आणि तेही बहुधा बाईनेच, रात्री-अपरात्री उठून. ज्या समाजाला २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यावर एक ओंजळ पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्याला पाण्याची किंमत दुसऱ्याने शिकवायला नको. म्हणून आमची पहिली अट अशी, की पिण्याच्या पाण्यातला एक तांब्याही फुलझाडाला घालायचा नाही. आणि दुसरी अट, झाडाला पाणी घालण्याचे काम घरातल्या पुरुषाने किंवा मुलाने करायचे. बाईच्या डोक्यावर आणखी एक काम चढणार असेल तर बाग नको.

हिशेब मांडून बघू, कारण तोंडी बोलण्यापेक्षा आकडे बरे. शंभर चौरस फुटांची हिरवळ ठेवायची म्हटली तर उन्हाळ्यात दर चौरस मीटरला रोज निदान ५ लिटर पाणी लागते. म्हणजे रोजचे सुमारे ४५ लिटर, तीन बादल्या. उलट मुळे धरलेली सहा काटक झाडे असली आणि प्रत्येकाला आठवड्यातून एकदा अर्धी बादली दिली, तर सहांचे मिळून आठवड्याचे तेवढेच ४५ लिटर होतात. हिरवळ जे एका दिवसात पिते त्यात आपली सहा झाडे आठवडा काढतात. एवढे पाणी तांदूळ-डाळ धुतलेल्या आणि भाजी धुतलेल्या पाण्यातून, कपड्यांच्या शेवटच्या खळबळीतून निघते. सोडा आणि साबणाच्या फेसाचे पहिले पाणी मात्र झाडाला घालू नये, त्याने माती खारवते. बोअरचे जड पाणी रोज घातले तर कुंडीच्या कडेला पांढरा थर बसतो, तोच थर मुळांनाही त्रास देतो.

आता झाडे. आमचे पहिले मत पांढऱ्या चाफ्याला, ज्याला काही ठिकाणी खुरचाफा म्हणतात. हे झाड मूळचे अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातले, पण आपल्याकडे इतके रुळले आहे की परके वाटत नाही. हिवाळ्यात पाने झडून नुसते ठोंब उरतात, बघणाऱ्याला वाटते झाड मेले. पण त्या जाड फांद्यांत पाणी साठवलेले असते. उन्हाळा चढू लागला की फांद्यांच्या शेंड्यांवर फुलांचे घोस येतात आणि पावसाळ्यातही येत राहतात. सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, विहारांच्या आवारात हे झाड सर्रास दिसते आणि तिथले उपासक-उपासिका हीच फुले बुद्धमूर्तीपुढे वाहतात. लाओस या बौद्ध देशाचे तर ते राष्ट्रीय फूल आहे. आणि आपल्याकडे? "स्मशानातले झाड, घरापुढे नको!" बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातूनही हे ऐकायला मिळते तेव्हा आम्हाला हसावे की रडावे कळत नाही. स्मशानात ते लावतात कारण तिथे पाणी घालायला कोणी नसते आणि तरी ते जगते. हा त्या झाडाचा गुण झाला. जपायचे ते एवढेच की फांदी तोडली की पांढरा चीक निघतो, तो डोळ्यात जाऊ देऊ नये.

सदाफुलीबद्दल फार सांगायला नको. मादागास्करहून आलेली ही बाई बारा महिने फुलते, शेळी तिला तोंड लावत नाही, गटाराच्या फटीतही उगवते. म्हणूनच तिची किंमत कोणी करत नाही. तिला मारायची एकच युक्ती आहे, रोज पाणी घालणे; मुळे कुजतात. दोन-तीन वर्षांनी खोड लाकडासारखे होऊन फुले कमी येतात, तेव्हा जूनमध्ये निम्म्यावर छाटावी, किंवा खाली पडलेल्या बियांची रोपे धरावीत. याच झाडापासून १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातल्या संशोधकांनी एक द्रव्य वेगळे केले आणि पुढे रक्ताच्या कर्करोगावरची औषधे तयार झाली. हे ऐकून काही जण साखरेसाठी किंवा गाठीसाठी पाने चावून खातात. तसे कोणीही करू नये. दवाखान्यातले औषध म्हणजे शुद्ध करून, मोजून दिलेला अंश असतो. पानात किती विष आले हे आपल्याला कळायला मार्ग नाही.

कागदी फूल म्हणजे बोगनवेल. विहाराच्या कुंपणाला, शाळेच्या भिंतीला हिच्यासारखी दुसरी वेल नाही. आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत पाने असतात, खरे फूल मधले ते बारीक पांढरे. गंमत अशी की पाणी जास्त झाले की ही नुसती पानांवर जाते आणि पाणी तोडले की रंगाने पेटते. म्हणजे आपल्या नळाच्या वेळापत्रकाशी हिचे चांगले जमते. काटे आहेत, तेव्हा लहान मुलांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर लावू नये.

मधुमालतीला एक मांडव आणि एक खड्डा दिला की पुरे. पहिले वर्ष सांभाळावे लागते. फूल संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि मग लाल होते, त्यामुळे एकाच घोसात तीन रंग दिसतात. सायंकाळच्या वंदनेला याचा वास विहारभर पसरतो.

ज्यांना अंगणच नाही, पत्र्याच्या दोन खोल्या आणि दारात दोन फूट जागा, त्यांच्यासाठी मुले ज्याला 'ऑफिस टाइम' म्हणतात ते बारीक जाड पानांचे झाड. कोणी चिनी गुलाबही म्हणतात. फुटक्या मगात, तेलाच्या डब्यात, टिनात कुठेही जगते. काडी मोडून खोचली की लागते. सकाळी ऊन वर आले की उमलते आणि दुपार कलली की मिटते. आम्ही स्वतः कारकुनी करतो म्हणून सांगतो, वेळेच्या बाबतीत हे झाड आमच्या पेशापेक्षा सरस आहे.

मोगऱ्याचा मोह सगळ्यांनाच असतो आणि त्याचा हंगामही नेमका हाच. पण त्याला पाणी लागते, हे लपवण्यात अर्थ नाही. घरटी एकच झाड ठेवावे आणि त्याच्या बुडाशी, रंग न दिलेले, जुने मातीचे गाडगे गळ्यापर्यंत पुरावे. गाडग्यात पाणी भरून वर फरशीचा तुकडा झाकावा. पाणी झिरपत झिरपत मुळांना मिळते, उन्हाने उडून जात नाही. अबोलीलाही थोडी सावली आणि हीच युक्ती चालते. जास्वंदीच्या वाटेला आम्ही जात नाही. पाणी मागते आणि वर पांढरा चिकट कीडा पडतो.

आता दोन झाडांबद्दल इशारा. कण्हेर हमरस्त्यांच्या दुभाजकांत उन्हातान्हात फुललेली दिसते, काटक आहे यात वाद नाही. पण तिचे पान, फूल, फांदी, मूळ सगळे विषारी. पिवळ्या फुलांची बिट्टी तर त्याहून वाईट. तिच्या बियांनी जीव जातो. ते फळ मुलांना खेळायला फार आवडते. ज्या घरात रांगते-चालते मूल आहे, ज्या विहाराच्या आवारात बालवाडी भरते, तिथे ही दोन्ही झाडे नकोत. असली तर मुलांना ओळख करून द्यावी आणि बिट्टीची फळे धरण्याआधीच फांद्या छाटाव्यात. छाटलेल्या फांद्या चुलीत घालू नयेत, त्यांचा धूरही बाधतो. मूल चुकून खाल्ले तर लिंबू-मिठाचे प्रयोग न करता, ओकारी काढत न बसता, तडक सरकारी दवाखान्यात न्यावे आणि पान किंवा बी सोबत न्यावी.

घाणेरीला रंग भारी, पण ती माळरान खाऊन टाकते आणि गुरांनाही बाधते. ती मुद्दाम लावणे म्हणजे शेजाऱ्याच्या शेतात तण पेरणे.

लावणीची वेळ चुकली की सगळे मुसळ केरात. काटक झाड म्हणजे पहिल्या दिवसापासून काटक, असा एक गैरसमज आहे. मुळे खोल जाईपर्यंत चाफासुद्धा तान्ह्या मुलासारखाच. म्हणून मे महिन्यात गाडीवर फुललेली कुंडी दिसली तरी घेऊ नये. फुले बघून पैसे देतो आणि आठ दिवसांत काडी उरते. आपल्या जिल्ह्यात पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि सर्वांत जास्त पडतो तो सप्टेंबरात. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसानंतर लावले तर झाडाला तीन-चार महिने मिळतात. खड्डा दीड फूट खोल. आपली काळी माती पावसात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळे तोडते, तेव्हा नुसत्या काळ्या मातीत लावू नये. निम्मा मुरूम आणि एक घमेले कुजलेले शेणखत मिसळावे. उन्हाळ्याआधी बुडाशी उसाच्या पाचटाचा चार बोटे थर द्यावा. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात पाचट जाळून टाकतात, मागितले तर फुकट मिळते. पाचटाखालची माती दुपारीसुद्धा हाताला गार लागते, करून बघा.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी, दुसऱ्यात एकदा, तिसऱ्यानंतर चाफा आणि बोगनवेल बहुधा तुमच्याकडे काही मागत नाहीत. आणि पाणी संध्याकाळीच.

दिल्लीच्या बंगल्यात असताना बाबासाहेबांना बागेचा मोठा नाद होता, हे त्यांच्या सहवासातल्या माणसांनी लिहून ठेवले आहे. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसराला नाव मिळाले तेही नागसेनवन. ग्रंथांनी भरलेल्या त्या घरात फुलांनाही जागा होती. आपल्याकडे बाग म्हटली की ती साहेब लोकांच्या बंगल्याची, असे अजून मनात बसलेले आहे. गिरणीच्या चाळीत आणि विडी कामगारांच्या वसाहतीत राहणाऱ्याने फुलझाड लावले की लोक विचारतात, "काय, लई झालं का?" विचारू द्यावे.

आम्ही आमच्या वस्तीतल्या मंडळाला असे सुचवले आहे की जयंतीच्या वर्गणीतून हारांचा खर्च थोडा कमी करावा आणि विहाराच्या आवारात चार चाफे, कुंपणाला दोन बोगनवेली आणि दारावर एक मधुमालती लावावी. पाणी घालण्याची पाळी घरटी आठवड्याची, नावे फळ्यावर लिहायची, पुरुषांची. वर्षावासाला आषाढ पौर्णिमेला सुरुवात होते, तोवर रोपे लागलेली असावीत. चौथ्या वर्षीच्या वैशाखात विहारापुरती फुले घरचीच निघतील असा आमचा अंदाज आहे.

रोपे विकत घ्यायची गरज नाही. बोगनवेल आणि मधुमालतीच्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या पावसाळ्यात लागतात. सदाफुलीच्या बिया कोणाच्याही दारात मिळतात. चाफ्याची हातभर फांदी मात्र कापल्याबरोबर लावायची नाही, नाहीतर कुजते. सावलीत आठ-दहा दिवस उभी ठेवून चीक वाळू द्यावा लागतो. म्हणून ज्यांच्याकडे जुना चाफा आहे त्यांना मे संपण्याआधीच फांदी मागून ठेवावी, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी नाही म्हणू नये.