परवान्याआधीचे शिक्षण

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगर भागात एका भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालविल्याचा आरोप ज्याच्यावर आला तो मुलगा सतरा वर्षांचा होता. तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर त्याला जामीन मिळाल्याचे कळताच लोकक्षोभ उसळला आणि तो सर्वस्वी स्वाभाविक होता. तथापि पुढे झालेली सारी चर्चा शिक्षेभोवतीच फिरत राहिली. वाहन हाती घेण्याची योग्यता माणसाला कोणी, केव्हा आणि कशी द्यावयाची, हा त्यामागचा प्रश्न तेव्हा दुर्लक्षित राहिला आणि अद्यापही तो तसाच पडून आहे.

कायद्यात कठोरपणाची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविण्यास अठरा वर्षांची अट घातली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने केलेल्या अशा गुन्ह्याबद्दल पालकाला अथवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. असे असूनही महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात सायंकाळी शिकवणी वर्ग सुटण्याच्या वेळी उभे राहावे. कायद्याचा धाक किती आहे, ते तेथे दिसते. सोळाव्या वर्षी पन्नास घनसेंटिमीटरपर्यंतचे बिनगिअरचे वाहन चालविण्याची सवलत आहे खरी. परंतु ती लूनाच्या जमान्यातली आहे. आज मुलांच्या हाती दिसणाऱ्या बहुतेक पेट्रोल स्कूटर त्याच्या दुपटीहून अधिक क्षमतेच्या असतात.

याहून गंभीर बाब निराळीच आहे. अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत मोटारीला हात लावणे निषिद्ध, आणि शिकाऊ परवाना मिळाल्यापासून अवघ्या तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देण्यास मुभा, अशी ही व्यवस्था आहे. संपूर्ण मनाई आणि संपूर्ण मोकळीक यांच्यामध्ये शिक्षणासाठी राखलेला काळ एवढाच. २०२१ मध्ये केंद्राने मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी नियम केले. त्यांतही हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम एकोणतीस तासांचा आणि जास्तीत जास्त चार आठवड्यांचा आहे. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्या पार्श्वभूमीवर ही तयारी पुरेशी आहे, असे कोणीही म्हणणार नाही.

या कोंडीतून इतर देशांनी काढलेले मार्ग अभ्यासण्याजोगे आहेत. ब्रिटनमध्ये मोटार चालविण्याचे वय सतरा आहे. परंतु त्याआधी, अगदी दहा-अकरा वर्षांच्या मुलांनाही, खासगी बंदिस्त मैदानावर प्राथमिक धडे देणारे उपक्रम चालतात. शेजारी प्रशिक्षक बसलेला असतो आणि त्याच्या पायाशीही नियंत्रणे असतात. सार्वजनिक रस्त्याचा संबंध नसल्याने कायदा आड येत नाही. मोटारीचे गूढ लवकर उकलले, तर पुढे उतावीळपणा राहणार नाही, असा पालकांचा विचार असतो. तो आकर्षक आहे. पण तेवढ्याने रस्ते सुरक्षित होतात काय?

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव सावध करणारा आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जॉर्जिया राज्यातील डीकॅल्ब परगण्यात सोळा हजारांहून अधिक शालेय विद्यार्थ्यांवर एक मोठा प्रयोग झाला. काहींना सविस्तर वाहन-शिक्षण, काहींना जुजबी आणि काहींना शाळेतून मुळीच नाही, अशी विभागणी करण्यात आली. शिकलेल्या मुलांनी परवाने लवकर काढले. अपघातांत मात्र टिकाऊ घट दिसून आली नाही. शिक्षणाने जे कमावले, ते लवकर मिळालेल्या परवान्याने गमावले, असाच त्याचा अर्थ निघतो.

स्वीडनने हाच धागा दुसऱ्या टोकाने धरला. १९९३ मध्ये त्या देशाने शिकाऊ वाहनचालकाचे किमान वय साडेसतरावरून सोळावर आणले. परवान्याचे वय मात्र अठराच ठेवले. ज्या मुलांनी या सवलतीचा लाभ घेतला, त्यांचा प्रौढाच्या देखरेखीखालील सराव शंभराहून अधिक तासांवर गेला आणि परवान्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांतील त्यांचे अपघात लक्षणीय प्रमाणात कमी झाले. यातील काही वाटा मुळातच जबाबदार असलेल्या कुटुंबांचा होता, हे संशोधकांनीही मान्य केले. परंतु सगळे श्रेय तेथे जात नाही. फ्रान्समध्येही पंधराव्या वर्षापासून प्रौढासोबत वाहन चालविता येते आणि त्या मार्गाने जाणाऱ्याला परवान्यापूर्वी किमान तीन हजार किलोमीटर अंतर कापावे लागते.

या अनुभवांतून एक गोष्ट स्पष्ट होते. स्टिअरिंग, क्लच आणि ब्रेक यांचे तंत्र थोड्या दिवसांत हाताला बसते. समोरच्या बसआडून एखादे मूल धावत येईल, हा अंदाज मात्र दीर्घ सरावाविना येत नाही. ब्रिटनने २००२ पासून परवान्यासाठी चित्रफितीतून धोका ओळखण्याची चाचणी आवश्यक केली, ती याच जाणिवेतून. अपुरे शिक्षण हाताला कौशल्य देते आणि मनाला फाजील आत्मविश्वास. सोळा-सतराव्या वर्षी हे मिश्रण घातक ठरते.

म्हणूनच आपल्याकडे वयाची अट शिथिल करण्याची मागणी कोणी करीत असेल, तर ती फेटाळलीच पाहिजे. स्वीडनचा कित्ता जसाच्या तसा गिरविणेही शहाणपणाचे नव्हे, कारण शेजारी बसणारा प्रौढ स्वतः नीट शिकलेला असेल, याची येथे खात्री नाही. परंतु कायद्याची बंदी सार्वजनिक ठिकाणांपुरती आहे. बंदिस्त मैदानावर, दुहेरी नियंत्रणाच्या मोटारीत, पात्र प्रशिक्षकाच्या हाताखाली शिकण्यास तीत वाव आहे. धोका ओळखण्याचे शिक्षण तर शाळेच्या वर्गातही देता येईल आणि ते ज्याच्या घरी मोटार नाही, त्या पायी वा सायकलीवर जाणाऱ्या मुलालाही तितकेच उपयोगी पडेल. त्याच्या जोडीला शिकाऊ परवान्याची तीस दिवसांची मुदत वाढवून सहा महिन्यांची करावी आणि त्या काळातील सरावाचे किमान तास नोंदवहीत दाखविणे सक्तीचे करावे. प्रारंभ लवकर आणि परवाना उशिरा, हे सूत्र राहिले तरच अशा धड्यांना अर्थ आहे.

अर्थात याला पालकांची साथ हवी. मुलाला गाडी शिकविण्याची हौस अनेकांना असते. परंतु किल्ली देण्यापूर्वी वर्ष-दोन वर्षे शेजारी बसण्याची चिकाटी फार थोड्यांकडे असते. कल्याणीनगरातील त्या पहाटेनंतर किती वर्षांची शिक्षा, याचा हिशेब पुष्कळांनी मांडला. शिक्षणाला किती तास द्यावयाचे, याचा हिशेब आता सरकारने आणि घराघरांतील वडीलधाऱ्यांनी मांडावयास हवा.