ऑक्सिजन सेन्सरला फाशी कशाला?

लॉगमध्ये एरर दिसते म्हणून कोणी एरर छापणारी ओळच डिलीट केली, तर कोड रिव्ह्यूमध्ये आपण त्याला सोलून काढतो. आणि गॅरेजमध्ये हाच प्रकार झाला की मुकाट्याने कार्ड पुढे करतो. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो, मेकॅनिक स्कॅनर जोडतो, पडद्यावर पी०१७१ येतं आणि निकाल लागतो, "साहेब, ऑक्सिजन सेन्सर गेला. बदलायला लागेल."

गेला? कशावरून?

पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी आहे, असं इंजिनच्या कॉम्प्युटरला वाटतंय. बस्स. ही खबर सेन्सरनेच दिलीय. बोंब मारणारा बहुतेक वेळा जिवंत असतो हो!

थोडं तांत्रिक बोलतो, पळू नका. १९७६ साली व्होल्वोच्या गाडीत बॉशने हा सेन्सर पहिल्यांदा आणला. शुद्ध पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. धुरात ऑक्सिजन उरला तर हा साधारण ०.१ व्होल्ट दाखवतो, नाही उरला तर ०.९. तापलेल्या इंजिनवर हा आकडा सतत खालीवर नाचायला हवा. (नव्या बऱ्याच गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड असतो, त्याला हा हिशोब लागू नाही.)

आता गंमत बघा. इनटेकचा रबरी पाइप चिरला की न मोजलेली हवा आत शिरते. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला गळती असली की बाहेरची हवा ओढली जाते. प्लग मिसफायर झाला की न जळलेला ऑक्सिजन तसाच पुढे येतो. फ्युएल पंप थकला की पेट्रोलच कमी पडतं. चार वेगळे आजार, आणि चारही वेळा सेन्सर सांगणार "हवा जास्त". त्याला बदलून काय होणार? नवा सेन्सर तीच बोंब मारेल, फक्त नव्या दमाने :)

खरं निदान करायला फार काही लागत नाही. त्याच स्कॅनरवर लाइव्ह डेटा असतो, त्यात फ्युएल ट्रिम बघायचा. आयडलला +२० टक्के आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ? मग इनटेकची गळती शोधा. लोड वाढवला की ट्रिमही वाढतोय? पंप, फिल्टर बघा. अ‍ॅक्सिलरेटरला झटका दिला की सेन्सर टुणकन ०.९ कडे गेला आणि सोडल्यावर ०.१ कडे आला, तर तो ठणठणीत आहे. ढिम्म राहिला, तर त्याच्यावर संशय घ्या. दहा-पंधरा मिनिटांचं काम.

पी०१३५ हा हीटरचा कोड. सेन्सर ३०० अंशांच्या आसपास तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून आत हीटर असतो. इथे सेन्सर खरंच दोषी असू शकतो, पण आधी फ्यूज आणि वायर तर बघाल? ऑफिसातल्या एका मित्राने दोन सेन्सर बदलून घेतले. शेवटी बेसमेंट पार्किंगमधल्या उंदराने कुरतडलेली वायर निघाली. पी०४२० ला तर मागचा सेन्सर बदलणारे महाभागही आहेत. तो बिचारा कन्व्हर्टर नीट काम करत नाहीये एवढंच सांगत असतो.

मेकॅनिकची बाजू मला माहीत आहे. "साहेब, तपासायचे पैसे कोण देतो?" आणि इथे तो शंभर टक्के बरोबर आहे. आपण क्लायंटला डिबगिंगचे तासावर पैसे लावतो, पण गॅरेजने तपासणीचे पाचशे मागितले की "नुसतं बघायचे?" म्हणून भांडतो. मग तो ते पाचशे पार्टमध्ये घालून वसूल करतो, आणि पार्ट काही हजारांचा असतो. हा धंदा आपणच असा घडवलाय राव.

तेव्हा पुढच्या वेळी सरळ सांगा, तपासणीचे पैसे देतो, पण ट्रिमचे आकडे दाखवा आणि सेन्सरच का ते समजवा. दाखवत नसेल तर दुसरं गॅरेज गाठा. दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट पळत असेल तर तेवढा वेळ असतो. लुकलुकत असेल तर मात्र हुज्जत नको. मिसफायर जोरात चालू आहे आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टर भाजून काढतंय. गाडी तिथेच थांबवा आणि टोइंगवाल्याला फोन करा.