वाढायची मुभा, बसायची मनाई

मागच्या रविवारी आमच्या वस्तीतली एक मुलगी कोरा अर्ज घेऊन घरी आली. बारावी झाली आहे, हॉटेल मॅनेजमेंटला जायचे म्हणते. कारकून माणूस शेजारी असला की अर्ज भरायचे काम त्याच्याकडे ओघाने येतेच. तिच्या मागोमाग वडील आले. सफाई खात्यात नोकरीला आहेत. म्हणाले, "भाऊ, तुम्हीच समजवा हिला. हिच्या आजीचा जन्म लोकांची खरकटी काढण्यात गेला. आई अजून तेच करते. पोरीला शिकवलं ते काय परत मोरीवर बसायला?"

त्यांचे दुःख खोटे नव्हते. म्हणून उपदेश न करता आम्ही त्यांना एका बाईची हकीगत सांगितली. वाचकहो, तीच येथे देत आहोत.

लिआ चेस ही अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातली कृष्णवर्णीय बाई. जन्म १९२३ चा. वडील जहाजाच्या गोदीत कामाला, घरात भावंडांचा मोठा गोतावळा, भाजीपाला घरच्याच शेतातला. गावात कृष्णवर्णीय मुलींसाठी कॅथलिक हायस्कूल नव्हते, म्हणून ती न्यू ऑर्लिन्स शहरात नातलगांकडे राहून शिकली. पुढे शहरातल्या गोऱ्यांच्या हॉटेलात वाढपी म्हणून लागली. तेथे ताटे नेऊन द्यायची मुभा होती. पैसे मोजून त्याच टेबलाशी बसायची मनाई होती. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ही रीत समजावून सांगायला नको.

१९४६ साली तिने एका वादकाशी लग्न केले. सासरचे ट्रेमे या वस्तीत छोटे दुकान होते, 'डूकी चेस' नावाचे. तेथे सँडविच आणि लॉटरीची तिकिटे विकली जात. लिआने स्वयंपाकघर ताब्यात घेतले. आधी तिने गोऱ्यांच्या हॉटेलातले शेवंडीचे पदार्थ करून पाहिले. गिऱ्हाइकांनी ते नाकारले. मग ती घरच्या चवीकडे वळली: खेकडे, कोळंबी घालून केलेला गंबो नावाचा रस्सा आणि भात. पण टेबलावर पांढरे स्वच्छ कापड घातले. आपल्या माणसांनाही मानाने बसता आले पाहिजे, हा तिचा आग्रह.

आम्ही कॉमर्सवाले, म्हणून आणखी एक गोष्ट आम्हाला मोलाची वाटते. वस्तीत कृष्णवर्णीयांची बँक नव्हती. शुक्रवारी कामगार पगाराचे चेक घेऊन याच हॉटेलात येत आणि चेस कुटुंब ते वटवून देई.

काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलावर जेवणे तेव्हा कायद्याविरुद्ध होते. लिआच्या माडीवर ते जेवत आणि सभाही घेत. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग तेथे आले. पुढे १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झालेले थर्गुड मार्शल आले. १९६१ साली बसमधील वर्णभेद मोडायला निघालेले तरुणही आले. १९६५ साली हॉटेलवर बॉम्ब टाकला गेला, तरी चूल बंद पडली नाही.

२००५ साली कॅटरिना वादळाच्या पुरात हॉटेल बुडाले. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी ही बाई समोरच्या ट्रेलरमध्ये राहिली आणि २००७ साली तिने पुन्हा दार उघडले. २००८ साली बराक ओबामा जेवायला आले. त्यांनी चव न घेताच गंबोत तिखट सॉस ओतला, तेव्हा त्यांनाही तिने दटावले! २०१६ साली तिला जेम्स बिअर्ड संस्थेचा जीवनगौरव मिळाला. २०१९ साली वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी ती गेली. शेवटपर्यंत तिचा जीव स्वयंपाकघरातच होता.

शिजवणे, वाढणे हे काम हलके नाही. ते दुसऱ्याच्या दारात, मानाशिवाय करावे लागले म्हणून हलके ठरले. लिआने तेच काम केले. पण दार तिचे होते, आणि टेबलाशी कोण बसणार हे तीच ठरवत होती.

वडिलांनी सारे ऐकून घेतले. खूप वेळाने एवढेच विचारले, "फी किती पडते?"

शिष्यवृत्तीची चौकशी आम्ही करीत आहोत. त्यांना जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला काढून ठेवायला सांगितले आहे. अर्ज भरून आमच्याकडे तयार आहे. पालकाच्या सहीची जागा तेवढी अजून कोरी आहे.