वास नसलेलं विष आणि आईची हाक



गेल्या रविवारी आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, "अरे, गॅसचा वास येतोय का बघ रे!" आठवड्यातून दोनदा तरी ती हे विचारते आणि मी लॅपटॉपवरून मान न उचलता "नाही ग आई" म्हणतो. या वेळी उठलो. शेगडीचं एक बटण अर्धवट उघडं होतं.

सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. पण ज्या विषात असं कुणीच काही मिसळणार नाही, ते ओळखायचं कसं?

२० मार्च १९९५ ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत, सकाळच्या गर्दीत, ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी पाच गाड्यांमध्ये सरीन सोडलं. शुद्ध सरीनला रंग नाही, वास नाही. डझनाहून अधिक माणसं गेली, हजारो दवाखान्यात पोचली. हे सरीन आहे हे पक्कं कळायला सुमारे तीन तास लागले.

आपला मेंदू स्नायूला हुकूम देतो, तेव्हा काम झाल्यावर तो हुकूम पुसून टाकणारं एक एन्झाइम शरीरात असतं. सरीन नेमकं त्यालाच चिकटतं. हुकूम पुसला जात नाही, स्नायू आखडतात, श्वास अडकतो.

रसायनशास्त्रज्ञांनी याच खोडीचा उपयोग केला. सरीनला चिकटायला जागा हवी ना? मग ती जागा चमकणाऱ्या रेणूवरच ठेवायची. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत झांग आणि स्वॅगर यांनी असे रेणू बनवले. विषाच्या जातीचं रसायन चिकटलं की सैलसर रेणूची कडी बंद होते, तो सपाट आणि ताठ होतो आणि जांभळ्या दिव्याखाली त्याची चमक बदलते. नोटेवरचे आकडे त्या दिव्याखाली उजळतात ना, तसंच काहीसं.

पण खरी अडचण पुढेच आहे. असे काही रेणू साध्या आम्लाच्या वाफेनेही फसतात. शिवाय बहुतेक प्रयोगशाळांत चाचणी होते ती सरीनच्या कमी विषारी भावंडांवर. आमच्या भाषेत, टेस्ट डेटावर पास! खऱ्या प्रसंगी काय होईल, तो प्रश्न वेगळाच.

खोटा इशारा किती महागात पडतो, ते मला ठाऊक आहे. एकदा रात्रपाळीत सर्व्हरचे फुकटचे अलर्ट इतके आले की मी ते बंद करून झोपलो. त्याच रात्री सर्व्हर खरंच पडला आणि सकाळपर्यंत कित्येकांचे पैसे अडकून राहिले. चूक सर्व्हरची नव्हती, माझीच होती.

आपल्या ग्वाल्हेरात झाशी रोडवर डीआरडीई ही प्रयोगशाळा आहे. लहानपणी आम्हाला वाटायचं, आत बॉम्ब बनतात. प्रत्यक्षात रासायनिक आणि जैविक हल्ला ओळखणं आणि त्यापासून बचाव करणं, हे तिचं काम. तुमच्यापैकी कुणी रसायनशास्त्र घेणार असेल, तर हा रस्ता घरापासून फार लांब नाही.

आणि घरात कुणी "वास येतोय का" विचारलं, तर उठून बघा. दहातल्या नऊ वेळा काही नसेल. तरीही उठा.