विश्लेषण : मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधून सेटिंग्ज का गायब होतात? त्यावर वापरकर्ते एवढे का चिडतात?

फोनचा पडदा वरून खाली ओढला की दिसणाऱ्या छोट्या चौकोनांत मोबाइल डेटाचा एक स्वतंत्र चौकोन असायचा. बोट लावले की डेटा बंद, पुन्हा लावले की सुरू. ऑक्टोबर २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ आले आणि मूळ अँड्रॉइड फारसे न बदलता देणाऱ्या फोनवर वाय-फाय व मोबाइल डेटा हे दोन चौकोन जाऊन ‘इंटरनेट’ असा एकच चौकोन उरला. आधी तो उघडायचा, मग आतले बटण दाबायचे. गुगलचे कारण असे की, वाय-फाय मंद झाले की लोक ते बंद करतात, पुन्हा सुरू करायला विसरतात आणि मोबाइल डेटा विनाकारण खर्च होतो. आपल्याकडे सवय नेमकी उलटी. दिवसाच्या दीड जीबीचा हिशेब ठेवणारा माणूस वाय-फाय नव्हे, डेटा बंद करतो. जगभर तक्रारी झाल्या, फोन संगणकाला जोडून आज्ञा देत जुने चौकोन परत आणण्याच्या युक्त्याही फिरल्या.

अँड्रॉइडचा गाभा मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही पाहता व बदलता येतो. अशा सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावरची एखादी सोय काढून टाकली की उठणारा गदारोळ नवा नाही. नागपूरच्या न्यायालयातल्या लिपिकापासून मराठी विकिपीडियावर लिहिणाऱ्यापर्यंत अनेकांच्या रोजच्या कामाशी त्याचा संबंध आहे.

नेमका वाद कशावरून होतो?

बहुतेक वेळा सोय खऱ्या अर्थाने जात नाही, तिचे बटण जाते. सॉफ्टवेअरच्या पोटात ती किल्ली तशीच असते, पण ती फिरवायला आता आज्ञा टंकावी लागते किंवा एखादे पूरक साधन शोधून बसवावे लागते. फायरफॉक्स ब्राउझरचे उदाहरण पाहा. ऑगस्ट २०१३ मध्ये आलेल्या २३ व्या आवृत्तीत ‘चित्रे आपोआप दाखवा’ आणि ‘जावास्क्रिप्ट सुरू ठेवा’ या दोन चौकटी सेटिंग्जमधून काढल्या गेल्या. त्याआधी मोझिलाचे अ‍ॅलेक्स लिमी यांनी जाहीर लेख लिहून मुद्दा मांडला होता की, एका टिचकीत अख्खे ब्राउझर निकामी करणाऱ्या चौकटी सामान्य माणसासमोर ठेवूच नयेत. चुकून टिक गेली की पाने मोडकी दिसतात आणि दोष फायरफॉक्सला लागतो.

मुद्दा बिनतोड वाटतो. पण २०१३ मध्ये आपल्याकडे टूजीवर, डोंगल लावून इंटरनेट वापरणारे कमी नव्हते आणि चित्रे बंद ठेवणे ही त्यांची काटकसर होती. त्या तारखेनंतर त्यांना ‘अबाउट कॉन्फिग’ हे आतले पान उघडून, धोक्याची सूचना स्वीकारून, ‘परमिशन्स डॉट डीफॉल्ट डॉट इमेज’ अशी ओळ शोधायची आणि तिथल्या १ च्या जागी २ लिहायचे, असा मार्ग उरला. सोय गेली नाही, असे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या खरे. किती जणांना ती सापडली असती, हा वेगळा प्रश्न.

हा वाद सर्वांत जास्त कुठे पेटला?

‘जीनोम’मध्ये. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाचा पडदा, खिडक्या, मेनू हे सारे ज्या प्रकल्पांतून येते, त्यातला हा सर्वांत प्रभावी. सेटिंग्ज कमी ठेवण्याचा त्याचा स्वभाव २००२ च्या दुसऱ्या आवृत्तीपासूनचा. लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्येच यावरून जीनोमवर आगपाखड करून लोकांना ‘केडीई’ वापरायला सांगितले होते. केडीईचा स्वभाव बरोबर उलटा, तिथे सेटिंग्जच्या जंगलात माणूस हरवतो.

६ एप्रिल २०११ रोजी जीनोम ३ आले तेव्हा मात्र भडका उडाला. खिडकी लहान-मोठी करणारी बटणे गेली. संगणक बंद करण्याचा पर्याय ‘ऑल्ट’ कळ दाबून धरल्याशिवाय मेनूत दिसेना. संगणक बंद कसा करायचा, हे शोधावे लागणे म्हणजे कमालच! (दीड वर्षाने, ३.६ मध्ये, तो पर्याय परत आला.) टोरवाल्ड्स ‘एक्सएफसीई’ या साध्या पर्यायाकडे गेले, पुढे २०१३ मध्ये काही पूरक साधने बसवून परतही आले. अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने जुन्या जीनोम २ चा कोड उचलून तो चालू ठेवला. तोच ‘माटे’ प्रकल्प, त्याला तिथल्या आवडत्या पेयाचे नाव दिले आहे. लिनक्स मिंटने ‘सिनॅमन’ उभे केले. २०१२ मध्ये जीनोमच्या फाइल हाताळणाऱ्या ‘नॉटिलस’मधून दुभागलेली खिडकी आणि बाजूची फांद्यांची यादी गेली, तेव्हा मिंटने त्याचीही जुनी प्रत घेऊन ‘नेमो’ बनवले.

खासगी कंपनीच्या सॉफ्टवेअरबाबत असे होऊ शकत नाही. तिथे ग्राहक चिडतो आणि गप्प बसतो. इथे कोड सगळ्यांचा असल्याने रागातून नवे सॉफ्टवेअर जन्मते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत आधार संपल्यावर जुन्या संगणकांसाठी ज्या लिनक्स मिंटचे नाव पुन्हा पुन्हा सुचवले जाते, त्याचा आजचा पडदा या भांडणाचीच देणगी आहे.

मग विकासक सोयी काढतात तरी का?

दुष्टपणाने नव्हे. दोनच स्थिती असलेल्या १० चौकटी असतील तर सॉफ्टवेअरच्या १,०२४ वेगवेगळ्या अवस्था संभवतात. २० चौकटी असतील तर १० लाख ४८ हजारांहून अधिक. यातल्या कुठल्या अवस्थेत काय मोडते, हे तपासणारी माणसे मोजकी, आणि त्यातली कित्येक नोकरी सांभाळून हे काम करणारी. जुनी सोय जपणे म्हणजे तिच्यातल्या चुका वर्षानुवर्षे दुरुस्त करत राहणे. शिवाय भरमसाट पर्याय नवख्या माणसाला घाबरवतात, हेही खरेच. नको ते बटण दाबले गेल्याने ‘फोन बिघडला’ म्हणत दुकानात आलेली माणसे कुठल्याही मोबाइल दुरुस्तीवाल्याने पाहिलेली असतात.

गडबड होते ती ‘ही सोय फार कोणी वापरत नाही’ या वाक्यापाशी. २०२१ मध्ये फायरफॉक्सने नवे रूप आणताना पट्ट्या आटोपशीर ठेवणारा ‘कॉम्पॅक्ट’ पर्याय काढायचे ठरवले. तो सहज सापडत नाही, म्हणून तो फारसा वापरला जात नसावा, असे त्यामागचे गृहीतक होते. लहान पडद्याचे लॅपटॉप वापरणाऱ्यांनी आरडाओरडा केला. अखेर पर्याय पूर्ण काढला नाही, पण नव्या वापरकर्त्यांसाठी अबाउट कॉन्फिगमध्ये लपवला. आकडेवारी गोळा केली तरी ती पुरेशी नसते, कारण सेटिंग्जमध्ये सर्वाधिक खाटखूट करणारे लोक बहुधा आपली माहिती पाठवण्याची परवानगीही पहिल्याच दिवशी बंद करतात. ते मोजदादीत येतच नाहीत.

अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्सने ऑगस्ट २०२० मध्ये हाच अनुभव मोठ्या प्रमाणावर घेतला. नव्याने लिहिलेल्या आवृत्तीत वेग वाढला, पण मोजकीच पूरक साधने उरली आणि अबाउट कॉन्फिग नेहमीच्या आवृत्तीतून बंद झाले. प्ले स्टोअरवर एका ताऱ्याचा पाऊस पडला. पूरक साधनांचे दार पुन्हा सताड उघडायला डिसेंबर २०२३ उजाडला.

नागपूरच्या न्यायालयाचा यात काय संबंध?

ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात देशभरातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे धोरण स्वीकारले गेले. संगणकांसाठी उबुंटू लिनक्सची खास बेतलेली आवृत्ती, खटल्यांच्या नोंदींसाठी एनआयसीच्या पुण्यातील चमूने विकसित केलेली सीआयएस प्रणाली. न्यायाधीशांना व कर्मचाऱ्यांना त्याचे प्रशिक्षण दिले गेले. प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले. नागपूरचे जिल्हा व सत्र न्यायालय, काटोल, रामटेक, उमरेड, सावनेर इथली न्यायालये याच व्यवस्थेचा भाग आहेत.

आता उबुंटूचा इतिहास पाहा. २०११ मध्ये तिने ‘युनिटी’ हा स्वतःचा पडदा आणला. डावीकडची चिन्हांची पट्टी जागची हलेना. ती तळाशी नेण्याची सोय पाच वर्षांनी, १६.०४ मध्ये मिळाली, तीही सेटिंग्जमध्ये नव्हे, आज्ञा देऊन. लोकांचा त्या पट्टीवर हात बसतो न बसतो तोच एप्रिल २०१७ मध्ये युनिटी सोडून जीनोम घेण्याची घोषणा झाली आणि १८.०४ पासून दीर्घकालीन आवृत्तीचा पडदाच बदलला.

घरच्या संगणकावर दर सहा महिन्यांनी थोडा थोडा बदल येतो. सरकारी कार्यालयात तसे नसते. तिथे दीर्घकालीन आवृत्ती बसते, वर्षानुवर्षे चालते आणि मग एके दिवशी अनेक वर्षांचे बदल एकदम अंगावर येतात. तोवर त्या बदलांवरची मूळ चर्चा कधीच मिटलेली असते. उमरेडच्या लिपिकाने तक्रार करायची ठरवली तरी ती कुणाकडे, आणि कोणत्या भाषेत? पूरक साधन बसवायला लागणारा पासवर्डही त्याच्याकडे नसतो. म्हणून जगभरच्या या गदारोळात ज्यांचा आवाज ऐकू येतो ते बहुतेक स्वतः प्रोग्रामर असतात. बटण गेल्याने खरोखर ज्याचे काम अडते, तो त्यात नसतो.

मराठीत काम करणाऱ्यांना फटका जास्त का?

याचे कारण साधे आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. पडद्यावरच्या चौकटीचे भाषांतर करता येते, पण आज्ञेचे येत नाही. जीनोम असो वा फायरफॉक्स, त्यांचे मेनू मराठीत आणण्यासाठी पुण्यातल्या रेड हॅटमधल्या भाषा-चमूपासून हौशी स्वयंसेवकांपर्यंत अनेकांनी वर्षे घातली. सेटिंग चौकटीत असेल तर ती मराठीत वाचता येते. तीच टर्मिनलमध्ये गेली की फक्त इंग्रजी, तेही ठिपके आणि जोडरेघांनी बांधलेले. एक चौकट काढली की इंग्रजी जाणणाऱ्याला दोन मिनिटांचा त्रास होतो, मराठीवरच काम भागवणाऱ्याला ती सोय कायमची मिटते.

टंकलेखनात हे सर्वांत बोचते. महाराष्ट्रात जिल्हा पातळीवरच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे, त्यामुळे इंग्रजी-मराठी कळफलक दिवसातून शेकडो वेळा बदलावा लागतो. पूर्वी ‘आयबस’ या साधनात त्यासाठी ‘कंट्रोल’ आणि ‘स्पेस’ ही जोडी चालायची. २०१२ मध्ये जीनोम ३.६ ने आयबस आपल्या सेटिंग्जमध्ये सामावून घेतले. उद्देश चांगला होता, सगळ्या भाषा एका जागी. पण पुढे बदलाची जोडी ‘सुपर’ आणि ‘स्पेस’ झाली, कळफलकाच्या बारीक पर्यायांची खिडकी सेटिंग्जमधून जाऊन ‘ट्वीक टूल’ या वेगळ्या साधनात गेली आणि कमी वापराचे कळफलक यादीतून दिसेनासे झाले. ते पाहायचे तर ‘शो ऑल सोर्सेस’ नावाची आतली किल्ली आज्ञा देऊन चालू करावी लागते. चिनी, जपानी, कोरियन वापरकर्त्यांनी तेव्हा जोरदार विरोध केला. भारतीय भाषांतले आवाज त्या मानाने क्षीण होते.

विकिपीडियाचा अनुभव याहून जवळचा. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासारख्या भारतीय भाषांतल्या प्रकल्पांवर ‘नारायम’ या साधनाने थेट पानावरच देवनागरी टंकता येई. २०१३ मध्ये ते काम ‘युनिव्हर्सल लँग्वेज सिलेक्टर’कडे गेले. मग २१ जानेवारी २०१४ रोजी विकिमीडियाने तेच बंद केले, कारण त्यातल्या वेबफाँटमुळे काही ठिकाणी पाने उशिरा उघडत होती. खाते असलेल्यांसाठी ‘माझ्या पसंती’त एक चौकट ठेवली, ती टिक केली की साधन परत. पण ज्याचे खाते नाही, असा पहिल्यांदाच चूक सुधारायला आलेला वाचक? फाँट जड होते म्हणून त्याचा कळफलकही गेला. पुढे महिनाभराच्या आसपास साधन पुन्हा सुरू करण्यात आले. फाँट उतरवण्याची चौकट वेगळी काढली आणि ती आधीपासून बंद ठेवली. हे आधीच सुचायला हरकत नव्हती, पण निदान तोडगा सर्वांना दिसेल अशा चौकटीच्या रूपात निघाला.

यावर मार्ग काय?

व्यक्तीसाठी मार्ग बरेच आहेत. माटे, सिनॅमन, केडीई, ‘जीनोम ट्वीक्स’ हे सगळे फुकट मिळते आणि आवृत्ती बदलण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. संस्थेसाठी खरा उपाय वेगळा आहे. जीनोमच्या सगळ्या सेटिंग्ज ‘डीकॉन्फ’ नावाच्या भांडारात असतात आणि व्यवस्थापक एकच फाइल लिहून त्यांची मूळ स्थिती हजारो संगणकांवर एकदम ठरवू शकतो : कळफलक बदलण्याची जोडी, लपलेल्या याद्या, खिडक्यांची बटणे, सगळे. लिपिकाला आज्ञा शिकवायची गरजच नाही. केरळमध्ये शाळांसाठी ‘काइट’ ही सरकारी संस्था उबुंटूवर आधारित स्वतःची आवृत्ती तयार करते. ई-कोर्ट्सकडेही खास बेतलेली आवृत्ती आहेच, म्हणजे हे काम करण्याची जागा आधीच तयार आहे. नवी आवृत्ती बसवण्याआधी दिवसभर मराठी टंकणाऱ्या चार माणसांसमोर ती आठवडाभर ठेवली, तर काय काय हरवले याची यादी आपोआप मिळेल.

खुद्द उबुंटूने एकदा असा मधला मार्ग काढला होता. २०१८ च्या मार्चमध्ये नॉटिलसच्या ३.२८ आवृत्तीतून डेस्कटॉपवर फाइल ठेवण्याची सोयच गेली. महिन्याभरात उबुंटू १८.०४ येणार होती आणि ती कार्यालयांत पाच वर्षे चालायची होती. बाकी जीनोम ३.२८ चे घेतले, पण नॉटिलस मुद्दाम जुने, ३.२६ ठेवले. डेस्कटॉपवरच्या फाइली होत्या तिथेच राहिल्या.