विश्लेषण : दहा प्लॉटवरून अख्ख्या मंडळाचा पीकविमा कसा ठरतो?

खरीप २०२५ पासून राज्यात एक रुपयातील पीकविमा बंद झाला आणि सुधारित योजना लागू झाली. स्थानिक नैसर्गिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान यांसारखे निकष वगळून भरपाई पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या सरासरी उत्पादनाशी जोडण्यात आली. त्यामुळे एरवी पाठ्यपुस्तकात राहणारे गणिती संख्याशास्त्र थेट शेतकऱ्याच्या बँक खात्याशी येऊन भिडले आहे.

पीक कापणी प्रयोग म्हणजे काय?

मंडळातील प्रत्येक शेतात जाऊन पीक मोजणे शक्य नसते. म्हणून काही शेतांत ठरावीक मापाचा प्लॉट आखून तेवढेच पीक कापले, मळले आणि वजन केले जाते. महसूल मंडळ हे विमा क्षेत्र असेल तर एका पिकासाठी किमान १० प्रयोग अपेक्षित असतात. संख्याशास्त्राच्या भाषेत मंडळातील त्या पिकाची सर्व शेते ही ‘समष्टी’ आणि निवडलेले प्लॉट हा ‘नमुना’. नमुन्यावरून समष्टीचा अंदाज बांधणे, हे या शास्त्राचे मूळ काम.

शेत कोण निवडते?

उत्तर आहे, कोणीच नाही. गाव, गट क्रमांक आणि शेतातील प्लॉटची जागा यादृच्छिक अंकांनी ठरते. अधिकाऱ्याला रस्त्याकडेचे शेत सोयीचे वाटेल, शेतकरी पडलेले पीक दाखवेल, कंपनीला डौलदार पीक हवे असेल. चिठ्ठी टाकल्यासारखी निवड झाली, तरच प्रत्येक शेताला संधी मिळते आणि चूक किती असू शकते याचे गणित मांडता येते.

सरासरी किती भरवशाची?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दहा प्रयोगांतून सोयाबीनची सरासरी हेक्टरी १० क्विंटल आली. पण प्लॉटप्लॉटांत फरक असतोच. हा फरक मोजणारे माप म्हणजे ‘प्रमाण विचलन’. ते ३ क्विंटल धरू. त्याला नमुनासंख्येच्या वर्गमुळाने भागले की सरासरीची ‘प्रमाण त्रुटी’ मिळते. इथे ती सुमारे ०.९५ क्विंटल. त्यावरून ९५ टक्के विश्वासाची पट्टी साधारण ७.८५ ते १२.१५ क्विंटल निघते. म्हणजे याच पद्धतीने पुन्हापुन्हा नमुने घेतले, तर अशा १०० पैकी सुमारे ९५ पट्ट्यांत खरी सरासरी सापडेल.

ही त्रुटी निम्मी करायची, तर २० नव्हे, ४० प्रयोग लागतील. कारण भागाकार वर्गमुळाने होतो. अचूकता महाग पडते ती इथेच.

पैशांवर परिणाम काय?

मागील सात वर्षांतील सर्वोत्तम पाच वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तराने गुणले की ‘उंबरठा उत्पादन’ ठरते. ती सरासरी १५ क्विंटल आणि जोखीमस्तर ७० टक्के असेल, तर उंबरठा १०.५ क्विंटल. प्रत्यक्ष उत्पादन त्याहून जितके टक्के कमी, तितके टक्के विमा संरक्षित रकमेतून मिळतात.

ही रक्कम हेक्टरी ५० हजार रुपये धरली, तर १० क्विंटलला सुमारे २,३८० रुपये मिळतील. नमुन्याने ८ क्विंटल दाखवले तर सुमारे ११,९०० आणि १२ दाखवले तर शून्य. हे तिन्ही आकडे वरच्या पट्टीतच आहेत. नुकसान असून भरपाई न मिळणे आणि नसताना मिळणे, अशा दोन प्रकारच्या चुका त्यामुळे संभवतात.

प्रयोग वाढवले की प्रश्न सुटतो?

सगळा नाही. योगायोगाची चूक नमुना वाढवल्याने घटते. एकाच दिशेला ढळणारी चूक, म्हणजे ‘अभिनती’, तशीच राहते. याचा धडा भारतातच मिळाला. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले, की प्लॉट फार लहान असला तर उत्पादन फुगून दिसते. सीमारेषेवरची रोपे मोजणारा नकळत आत धरतो आणि लहान प्लॉटमध्ये क्षेत्राच्या मानाने सीमा जास्त असते. प्लॉटच्या आकारावरून त्यांचा प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी झालेला वाद प्रसिद्ध आहे.

मोबाइल अ‍ॅपवर नोंद, छायाचित्रे आणि काही पिकांसाठी उपग्रहाधारित अंदाज हे उपाय अशाच चुकांना आळा घालण्यासाठी आहेत.

मग एकट्या शेतकऱ्याचे काय?

सरासरी मंडळाचे सांगते, बांधाचे नाही. ओढ्याकाठचे एक शेत खरवडून गेले आणि बाकीच्यांचे पीक बरे आले, तर सरासरी उंबरठ्यावर राहते आणि त्या शेतकऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. दहाही प्रयोग चोख झाले तरी हे घडेल. इथे हिशेब चुकलेला नसतो. वैयक्तिक नुकसान मोजणे हे या सरासरीचे कामच नसते. ते कशाने भरून काढायचे, हा प्रश्न संख्याशास्त्राचा नसून धोरणाचा आहे.