शिष्यवृत्ती सरकारची, पण आधी पैसे भरायचे गरिबाने!

स्पष्टच लिहितो. गरीब घरातल्या पोरांच्या शिक्षणाचा खर्च सरकार करतं, हे अर्धसत्य आहे. खर्च आधी बाप करतो, बहुतेक वेळा व्याजाने पैसे काढून. सरकार मागाहून, सवडीने त्यातला काही भाग परत करतं. मधल्या काळातलं व्याज कोण भरतं? तोच बाप. म्हणजे सरकार दरवर्षी गरिबाकडून बिनव्याजी उसने पैसे घेतं आणि वर त्यालाच ‘लाभार्थी’ म्हणतं.

आपल्या बार्शी तालुक्याचंच बघा. जूनमध्ये पेरणी होते. हातात होतं नव्हतं ते बियाण्यात आणि खतात जातं. सोयाबीन घरात यायला ऑक्टोबर उजाडतो. आणि इंजिनिअरिंग, फार्मसीच्या प्रवेशफेऱ्या कधी असतात? जुलै, ऑगस्ट, फार तर सप्टेंबर. फेरीत नंबर लागला की तीन-चार दिवसांत कॉलेजात हजर राहून प्रवेश पक्का करायचा. वर्षात शेतकऱ्याचा खिसा सगळ्यात रिकामा असतो नेमक्या त्या आठवड्यात काउंटरवरचा माणूस म्हणतो, “स्कॉलरशिप आली की परत देऊ, आत्ता भरा.”

कुठून भरा? बायकोच्या गळ्यातलं नाहीतर गावातला सावकार. साधा हिशेब करा. पन्नास हजार, शेकडा तीन रुपये महिना. महिन्याला दीड हजार व्याज. शिष्यवृत्ती वर्षाने आली तर अठरा हजार नुसतं व्याज. ते कुठल्या पोर्टलवर मागायचं?

आता जाहिरातींकडे या. ८ जुलै २०२४ ला शासन निर्णय निघाला. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. निर्णय चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. आधी ही सवलत पन्नास टक्के होती. पण बॅनरवर ‘मुलींना मोफत शिक्षण’ छापलं आणि लोकांना वाटलं, आता एक रुपया लागत नाही. विकास शुल्क त्यात नाही. होस्टेल, मेस, पुस्तकं, बसचा पास त्यात नाही. मॅनेजमेंट कोट्यातला प्रवेश त्यात नाही. आणि त्याच घरातल्या तिच्या भावाला खाजगी कॉलेजात निम्मी फी आजही भरावीच लागते.

राहण्या-खाण्याचं तर विचारू नका. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्वाधार’ योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला साठ हजार. त्यात जेवणाला ३२ हजार, राहायला २० हजार, बाकी खर्चाला ८ हजार. दहा महिने धरले तर खोलीला महिना दोन हजार रुपये. पुण्यात दोन हजारांत कॉट बेसिसवर जागा दाखवा, मी स्वतः येऊन बघतो. आणि हे साठ हजारही पोरगं राहून, जेवून, उधारी करून झाल्यावर येतात. मेसवाला थांबत नाही, घरमालक थांबत नाही. थांबायचं फक्त पोराने.

पोर्टलची कथा वेगळीच. महाडीबीटीवर दरवर्षी नव्याने अर्ज. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूत रांग. आधार बँकेला जोडलेलं नसेल तर पैसे अडकले. कॉलेजच्या क्लार्कने अर्ज पुढे सरकवला नाही तर तिथेच पडून. सगळं सुरळीत झालं तरी रक्कम हप्त्यांनी. दरवर्षी फॉर्म भरायला मी पोरांसोबत बसतो, म्हणून सांगतो. अर्ज कुठल्या टेबलावर अडलाय हे स्क्रीनवर दिसतं, पण त्या टेबलामागच्या माणसाला जाब विचारायची सोय कुठेच दिसत नाही.

संस्थाचालक म्हणतात, सरकारकडे आमचेच पैसे थकलेत, प्राध्यापकांचे पगार कशातून करू? त्यांचं म्हणणं खोटं नाही. सरकार त्यांचेही पैसे थकवतं. पण तुमचं येणं सरकारकडून आहे, विद्यार्थ्याकडून नाही. मंत्रालयात जा, कोर्टात जा. तुमच्या संस्थांवर आमदार-खासदार बसलेत, त्यांचं वजन तिथे वापरा. ते जमत नाही म्हणून परीक्षेच्या तोंडावर पोराचं हॉल तिकीट अडवायचं, टीसी अडवायचा, ही कुठली वसुली? मूळ कागदपत्रं अडवून ठेवू नका, असं यूजीसीने २०१८ मध्येच सांगितलंय. ठरलेल्या फीपेक्षा जास्त पैसे घेण्यावर बंदी घालणारा राज्याचा कायदा १९८७ पासून आहे. पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशावेळी फी मागू नका, अशी परिपत्रकंही निघतात. परिपत्रक निघतं, बातमी येते, कारवाई झाल्याचं मात्र क्वचितच ऐकू येतं.

“मग शैक्षणिक कर्ज काढा,” हा सल्ला देणारे बहुधा पगारदार असतात. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, हे कागदावर बरोबर. पण कर्जात बाप सहकर्जदार लागतो. बँक त्याचं आयटी रिटर्न मागते, सिबिल बघते. शेतकऱ्याकडे रिटर्न नाही, आणि दुष्काळात पीककर्ज थकलं म्हणून सिबिल गेलेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी आणली. तीही देशातल्या निवडक, सुरुवातीला ८६० संस्थांपुरती. आपली बहुतेक पोरं शिकतात ती जवळपासची कॉलेजं त्या यादीत शोधून बघा.

आणखी एक गोष्ट. इन्कम टॅक्सचा परतावा उशिरा आला तर करदात्याला महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळतं. मिळायलाच पाहिजे, त्याचे पैसे अडकलेले असतात. मग विद्यार्थ्याचे पैसे अडकले तर व्याज का नको? एक खातं केंद्राचं, दुसरं राज्याचं, हे मलाही कळतं. पण न्याय तर एकच असला पाहिजे ना? ज्याच्याकडे पैसा आहे त्याचा उशीर मोजला जातो. ज्याच्याकडे नाही, त्याने वाट बघायची.

फी सवलतीच्या योजनेला नाव राजर्षी शाहू महाराजांचं दिलंय. महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात वसतिगृह उभं केलं, आणि पुढे एकेका समाजासाठी करत गेले. आधी राहायची सोय, मग शिक्षण. “तू शिकून ये, पावत्या जोड, मग बघू,” असं ते म्हणाले नाहीत. योजनेला नाव त्यांचं आणि रीत सावकाराची, हे चालणार नाही.

म्हणून मागण्या तीनच आहेत, आणि तिन्ही करता येण्यासारख्या आहेत.

१) शिष्यवृत्तीला पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशावेळी सवलतीतली रक्कम घ्यायची नाही. सरकारने पहिला हप्ता प्रवेशफेरी संपायच्या आत थेट संस्थेला द्यावा.

२) निर्वाहाचे पैसे दरमहा, वर्ष सुरू झाल्यापासून. खोलीभाडं दरमहा जातं, तर भत्ता वर्षाअखेर का?

३) ठरलेल्या तारखेनंतर प्रत्येक महिन्याच्या उशिराला व्याज. एकदा व्याज द्यावं लागलं की फाइल आपोआप पळायला लागेल.

पालकांनो, तोवर एवढं करा. पैसे भरावेच लागले तर कशाकशाचे घेतले ते स्वतंत्र लिहिलेली पावती घ्या. “वरून आदेश आहे” म्हणाले तर आदेशाची प्रत मागा. पावती द्यायला नकार दिला तर तक्रार लेखी करा, पोच घ्या. एकटे जाऊ नका, चार पालक मिळून जा.

आणि पुढाऱ्यांनो, दहावी-बारावीच्या गुणवंतांना शाल, श्रीफळ आणि तुमच्या फोटोची ट्रॉफी देणं पुरे झालं. अधिवेशनात एकच प्रश्न विचारा: आपल्या तालुक्यातल्या किती पोरांची शिष्यवृत्ती किती महिन्यांपासून थकली आहे? उत्तराची प्रत इथे टाका. सत्कार आम्ही तुमचा करू.